सुशीलाला घेऊन या

मंजुश्री हलकुडेला काळजी करायला कारण लागत नसे. कारण असलं तर ती निदान तेवढ्याच कारणाची काळजी करायची. नसलं की तिचं मन गावभर हिंडून कुठून तरी एखादं धरून आणायचं. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, परवा लग्नात सिंधुवहिनी आपल्याशी जरा कमीच हसल्या का. नांदेडच्या एका शाळेत ती ग्रंथपाल होती. तिथंही एखादं पुस्तक वेळेवर परत आलं, तर ते न वाचताच आणलं असेल म्हणून तिला घोर लागायचा.

अशी ही बाई ब्लॉग लिहायला लागली, हेच मुळात नवल. त्याला कारण एक बटाटा. 'सात बुरुजांची राणी' नावाची ऐतिहासिक मालिका ती जीव लावून बघायची. एका भागात राणीसाहेब मोहिमेवरून परतल्या, तलवार भिंतीला लावली, पाटावर बसल्या, आणि ताटात पिवळीधमक बटाट्याची भाजी. मंजुश्री ताडकन उठून बसली. अहो, राणी ज्या काळातली, त्या काळात बटाटा या मुलखात पोचायचा होता! नवऱ्याला, उमाशंकरला, सांगितलं तर तो म्हणाला, "असंल की, राणी हाय, मागवला असंल." मग बोलायचं कुणाशी? तिनं लिहून टाकलं. ब्लॉगचं नाव 'राणीचा मुदपाकखाना'. पुढच्या भागांत राणीच्या ताटातून बटाटा गेला आणि सुरण आला. योगायोगही असेल. पण मंजुश्रीनं त्या सुरणाकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर उमाशंकरच्या वाट्याला लग्नातसुद्धा आली नव्हती.

मग ती दर भागावर लिहू लागली. राणीच्या ताटात काय होतं, काय असायला पाहिजे होतं, आणि आपल्याकडं ते कसं करतात. कुळथाचे शेंगुळे, कुळथाचंच माडगं, धपाटे, ज्वारीच्या कण्या. स्वतः करायची, फोटो काढायची, लिहायची. वाचणारे वाढत गेले. त्यातच तिनं एक लेख लिहिला तो सुशीलावर.

आता सुशीला म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे. चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून दाण्याचं कूट आणि डाळ्याचं पीठ. झाली सुशीला. म्हणून मंजुश्रीनंही ते सांगितलं नाही, आणि तिथंच घात झाला. तिनं लिहिलं होतं ते असं: "राणीच्या मुदपाकखान्यात दहा आचारी राबतात, तरी पाहुणे ताटकळतात. आमच्या घरी असं कधी होत नाही, कारण आमच्या घरी सुशीला आहे. अवचित पाहुणे आले आणि घरात काही नसलं, की सुशीला धावून येते. तिनं आजवर कुणाला उपाशी पाठवलं नाही. सुशीला नसती, तर आमच्या घराची अब्रू कधीच गेली असती."

हे मुंबईत वाचलं गेलं. मुंबईत चुरमुरे भेळेत घालतात.

एका दुपारी फोन आला. बोलणाऱ्याचं नाव रविकिरण. मालिकेच्या निर्मितीची सगळी धावपळ बघणारा माणूस. मंजुश्रीला आधी वाटलं, बटाट्यावरून नोटीस आली.

"मॅडम, आमच्या सरांना तुमची सुशीला फार आवडली."

मंजुश्रीचा जीव भांड्यात पडला. "सगळ्यांनाच आवडती हो."

"अजून असते ना तुमच्याकडे?"

"असती की. दर रविवारी असती."

"फक्त रविवारी?"

"रोज कुठं जमतंय? माझी शाळा, ह्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान."

"बरं. कंधारला किल्ल्याजवळ आम्ही मेजवानीचा प्रसंग शूट करतोय. तिथं आणू शकाल?"

"आणीन की. सकाळी डब्यात घातली की..."

"डब्यात? छे छे, रेल्वेनं कशाला? आम्ही एसी गाडी पाठवतो."

एका पातेलंभर सुशीलासाठी एसी गाडी! मंजुश्रीला वाटलं, मोठी माणसं, खराब होऊ नये म्हणून करत असतील.

"खूप जुनी आहे म्हणता?"

"लई जुनी. माझ्या आजेसासूच्या आधीपासून हाय आमच्या घरात."

मग रविकिरण दबक्या आवाजात म्हणाला, "बाप रे! मग चालता-फिरता येतं ना त्यांना?"

त्यांना! मंजुश्रीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात रविकिरणनं पुढचं सांगून टाकलं. सरांनी मेजवानीचा अख्खा प्रसंग सुशीलाताईंच्या भरवशावर रचला होता. मंजुश्री त्यांना घेऊन आली की भागाच्या शेवटी नावांच्या पाटीत तिचं नाव येणार होतं: 'खाद्य सल्लागार'. सगळं नीट पार पडलं तर मालिकेचं पुढचं पर्वही तिच्याकडं. "येतील ना सुशीलाताई? वय काय त्यांचं?"

आता हिनं सरळ सांगायचं की नाही, की बाबा रे, ती बाई नाही, चुरमुरे आहेत? पण छापलेल्या अक्षरांत आपलं नाव मंजुश्रीनं लग्नपत्रिकेनंतर पाहिलं नव्हतं, आणि तिथंही छापखान्यानं मंजुश्रीचं मंजूषा केलं होतं. दारावर पाटी उमाशंकरची, वीजबिल सासऱ्यांच्या नावाचं. आणि इथं राणीच्या पाठोपाठ, सगळ्या महाराष्ट्रासमोर, आपलं नाव. तिच्या तोंडातून निघालं, "येतील. सत्तर असंल वय."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो. तरी त्यातच तिनं एक चूक आणखी केली. लातूरला सासूबाईंना फोन करून आपलं नाव टीव्हीत येणार, एवढं सांगून टाकलं. सासूबाई म्हणजे शिवगंगाबाई. त्यांना सांगणं म्हणजे गंजगोलाईच्या भर बाजारात भोंगा लावणं. संध्याकाळपर्यंत आडत दुकानाचे हमालसुद्धा विचारायला लागले, सूनबाईंचं नाव कवा येणार म्हणून.

उमाशंकरनं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसला. बायकोचा चेहरा बघून मग गंभीर झाला आणि सल्ला द्यायला बसला. हसण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं असतं.

"सुशीला वारली म्हणून सांग."

"अहो, मग ते दुखवट्याला येतील! इथं हार घातलेला फोटो कुणाचा लावू? पातेल्याचा?"

"मग आजारी म्हण."

"मग म्हणतील, बरी झाल्यावर या."

शेजारच्या सिंधुवहिनींनी सुचवलं, सुशीला रुसून माहेरी गेली म्हणावं. समोरच्या वीरेशनं सांगितलं की त्याच्या ओळखीची एक खरी सुशीला आहे, पण ती पस्तिशीची असून झुंबा शिकवते. सल्ले असे येत राहिले आणि मंजुश्रीचं जेवण कमी होत गेलं.

शेवटी सरजाबाई सोनकांबळे आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची आणि टरकून असायची. सत्तरी पार केलेली, पण आवाज असा की वॉर्डातला पेशंट बेशुद्धीतसुद्धा कुशीवर वळावा. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? मी होते सुशीला."

"सिस्टर, पण तुम्हाला स्वयंपाक..."

"न्हाई येत. चाळीस वर्षं आमच्या मालकांनी, साहेबरावांनीच केला. मला चहा केला तरी दूध उतू जातंय. पण मंजे, स्वयंपाक तू करायचा. मी फक्त बसायचं. बसायला मला चांगलं येतं."

हा उपाय इतका सोपा होता की मंजुश्रीला त्याचीच धास्ती वाटली. ती खरीही ठरली. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव आणि ओळखपत्र सरकारी कार्यालयात द्यायचं होतं. रविकिरणनं यादीत लिहिलं होतं सुशीला, आणि आधार कार्डावर होती सरजाबाई. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ह्या दोघी एकच हायत, ह्याचा पुरावा?"

"लग्नाच्या आधीचं नाव सुशीला होतं," उमाशंकरनं ठोकून दिलं.

"मग शाळेची टीसी आणा."

"शाळा पडली."

"मग पडल्याचा दाखला आणा."

सरजाबाईंनी आवाज चढवला. भाऊसाहेबांनी तो आवाज ओळखला. त्यांचं अपेंडिक्स निघालं तेव्हा ड्युटीवर सिस्टरच होत्या. ते एकदम मऊ झाले आणि म्हणाले, "राहू द्या, मी 'उर्फ' लावून देतो." आणि यादीत चढलं: सरजाबाई साहेबराव सोनकांबळे उर्फ सुशीला. सिस्टर घरी येऊन खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं इमानानं नोकरी केली मंजे, आन् शेवटी उर्फ लागलं मला. उर्फ तर पाकीटमाराला लावतेत." मंजुश्रीला वाटलं, आत्ता या नाही म्हणणार. पण एसी गाडी दारात आल्यावर त्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

कंधारला किल्ल्याबाहेरच्या माळावर मोठा मांडव घातला होता. गाडी थांबताच छत्री धरायला एक माणूस, खुर्ची मांडायला दुसरा. सुशीलाताई, सुशीलाताई असा जयघोष. दिग्दर्शक टोपीवाला, दाढीवाला, तरणाताठा. तो सरजाबाईंच्या चक्क पाया पडला. मंजुश्रीकडं बघून रविकिरण म्हणाला, "तुम्ही त्यांच्या मदतनीस ना? स्वयंपाकाची जागा तिकडं मागं आहे."

मदतनीस! मंजुश्री पदर खोचून मागं गेली. दार उघडलं होतं ते आपल्या लिहिण्यानं, आणि आत गेल्या सिस्टर. तिला रडूच आलं होतं, पण कांदे समोर होते, त्यामुळं सोय झाली.

शेंगुळे वळता वळता तिचे कान पुढं होते, कारण दिग्दर्शक सुशीलाताईंना प्रश्न विचारत होता.

"ताई, पुरणात जायफळ कधी घालायचं?"

सरजाबाईंनी पदर सावरला. "जेवल्यानंतर. दिवसातून दोनदा."

"आणि किती?"

"ते वजन बघून ठरवावं लागतं. लहान लेकरू असंल तर अर्धं."

मंजुश्रीनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. पण दिग्दर्शक भारावल्या आवाजात रविकिरणला म्हणत होता, "लिहून घे. जुनी माणसं अन्नाला औषध समजायची. हे पुस्तकात मिळत नाही." त्यावर सरजाबाईंना चेव चढला. आमटी फार पातळ असेल तर सलाईन समजावी, भाकरी गिळवत नसेल तर जबरदस्ती करू नये, असं बरंच काही सांगून झालं. मग त्यांनी बीपीची गोळी घेतली आणि कलाकारांसाठी उभ्या केलेल्या थंडगार गाडीत जाऊन झोपल्या.

आता इथं ग्यानोबाला आणलं पाहिजे. ग्यानोबा कंधारचाच आचारी. चित्रीकरणातल्या सगळ्या माणसांच्या चहा-नाश्त्याचं काम त्याच्याकडं. मुंबईची मंडळी रोज पोहे खाऊन कंटाळली असतील म्हणून त्या दिवशी त्यानं काय करावं? मोठं पातेलं भरून सुशीला केली. आणि मुंबईच्या मंडळींनी पातेल्यात डोकावून, हे काय ओलं ओलं, म्हणून बिस्किटं खाल्ली. ग्यानोबाच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो तरातरा मांडवात आला आणि वॉकीटॉकीवाल्या पोराच्या पुढं उभा राहिला.

"साहेब, सुशीला गार झाली!"

"काय?"

"पार गार. सकाळपासून तशीच पडून हाय, आन् कोणी हात लावून न्हाई राहिलं!"

त्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "सर... सुशीलाताई गेल्या."

दिग्दर्शकानं टोपी काढली. राणीसाहेब मुकुटासकट मटकन खाली बसल्या. रविकिरण ॲम्ब्युलन्सला फोन लावत धावला आणि धावता धावता ग्यानोबाला विचारू लागला, "तुम्ही पाहिलंत? नक्की?"

"मीच पाहिलं की. पण एवढं टेन्शन नका घेऊ साहेब. जरा पाणी शिंपडतो, चुलीवर ठेवतो, होती ऊन."

"चुलीवर?" रविकिरण धावता धावता अडखळला.

"मग काय? तसं पातेल्यात राहू देऊन उपेग न्हाई, वास मारंल. न्हाईच जमलं तर गाईला घालू."

राणीसाहेबांना भोवळ आली.

मंजुश्री मागच्या बाजूनं हातात पळी घेऊन धावत आली. तिला वाटलं, सिस्टरना खरंच काही झालं. माझ्या नावाच्या हावेपायी म्हातारं माणूस उन्हात आणलं, आणि... तिच्या हातातली पळी खाली पडली. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि सरजाबाई डोळे चोळत खाली उतरल्या. "काय गलका हाय गं? झोपू बी देत न्हाई." दोन माणसं किंचाळून मागं सरली.

"ताई, तुम्ही गेला होता," दिग्दर्शक कसाबसा म्हणाला.

सरजाबाईंनी सवयीनं स्वतःची नाडी धरली, घड्याळात बघितलं आणि सोडली. "न्हाई. चांगली चालू हाय."

तोवर ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसानं वही काढली. पेशंटशिवाय परत गेलो तर साहेब विचारतील, म्हणाला. मग सिस्टरनीच नोकरीतला अनुभव पणाला लावून दिग्दर्शकाचं बीपी तपासून घ्यायला लावलं. ते इतकं वाढलेलं निघालं की फेरी कारणी लागली.

ग्यानोबा मात्र चिडलेलाच होता. "आरं, मी सुशीला म्हणून राहिलो, आन् हे ह्या बाईला काहून धरून राहिले?"

सगळे मंजुश्रीकडं बघायला लागले. पळवाटा खूप होत्या. उमाशंकर असता तर त्यानं तीन सांगितल्या असत्या. पण मघाशी सिस्टरच्या नावानं धसका घेतला होता ना, त्यातून ती अजून सावरली नव्हती, आणि एवढ्या भीतीनंतर लहानसहान भीतीला जागाच उरली नव्हती. ती म्हणाली, "सुशीला म्हणजे बाई नव्हं. त्या पातेल्यात हाय ती सुशीला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची. ह्या आमच्या शेजारच्या सरजाबाई, नर्स होत्या. ह्यांना चहासुद्धा येत न्हाई. फोनवर मी खोटं बोलले. मला माझं नाव पाटीवर पाहिजे होतं म्हणून बोलले."

सरजाबाई पुटपुटल्या, "चहा येतो. उतू जातो, पण येतो."

दिग्दर्शक पातेल्याकडं गेला. त्यानं गार सुशीला चमच्यानं खाल्ली. मग अजून खाल्ली. मग मागं जाऊन शेंगुळ्यांची परात बघितली, माडग्याचा वास घेतला. "हे सगळं कुणी केलं?"

"मी."

"आणि ब्लॉग?"

"तो बी मीच."

"बरं," एवढंच म्हणून तो चित्रीकरणाला निघून गेला. मेजवानी झाली. राणीनं शेंगुळे खाल्ले, तेही दोनदा मागून. पण निघताना रविकिरण नजर चुकवत म्हणाला, "सर विचार करून सांगतो म्हणालेत." विचार करून सांगतो म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय माणसाला कळतं. स्थळं बघताना हेच म्हणतात.

नंतरचे दिवस कसे गेले ते मंजुश्रीलाच माहीत. सरजाबाई भेटेल त्याला आपण मेल्याचं सांगत होत्या आणि राणी कशी आपल्यासाठी रडली तेही. लातूरहून शिवगंगाबाईंचा रोज फोन. "का गं मंजे, नाव येतंय न्हवं? सगळ्या गल्लीला बोलवून ठेवलंय मी. पापड तळलेत." मंजुश्रीला सांगवेना की नाव येणार नाही. पापड तळल्यावर कसं सांगणार?

मेजवानीचा भाग ज्या दिवशी लागणार, त्या दिवशी दुपारी ती शाळेत पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती आणि फोन वाजला. रविकिरण. तिनं फोन कानाला लावला तो दोन्ही हातांनी धरून.

"मॅडम, गडबडीत आहे. नावांची पाटी आत्ता पाठवायचीय. खाद्य सल्लागार म्हणून तुमचं नाव टाकायला सांगितलंय सरांनी. पण ते म्हणाले, या वेळेला आधी खात्री करून घे." तो अडखळला. "म्हणजे, राग मानू नका... मंजुश्री. हे तुमच्याकडं खायचं काही नसतं ना?"

मंजुश्रीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. समोरच्या बाकावरची मुलं वर बघायला लागली.

"न्हाई हो," ती म्हणाली. "मंजुश्री माणूस हाय. लिहा."